पोस्टवरून पोलीस स्टेशनचा फोन आला तर काय करायचं

माझ्या आत्याचं वय ६७, आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, आता रिटायर होऊन घरी असते. आमच्या रस्त्यावरची वडाची दोन जुनी झाडं रस्तारुंदीसाठी एका रात्रीत तोडली, तर तिने फेसबुकवर पोस्ट टाकली की परवानगी कुणी दिली, हरकती मागवायची नोटीस कुठे लावली होती, आणि निवडून दिलेली माणसं त्या रात्री कुठे होती. शिवी नाही, धमकी नाही, कुणाच्या जातीधर्माबद्दल एक शब्द नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सात वाजता फोन. "मॅडम, पोलीस स्टेशनवरून बोलतोय, तुमच्याविरुद्ध अर्ज आलाय, उद्या अकराला साहेबांना भेटून जा, आणि ती पोस्ट तेवढी काढून टाका." पासपोर्टचं व्हेरिफिकेशन सोडलं तर तिचा आयुष्यात कधी पोलिसांशी संबंध आला नव्हता. मला फोन केला तेव्हा आवाज कापत होता. "अरे, काढून टाकू का रे ती पोस्ट? आणि उद्या तू येशील ना माझ्याबरोबर?"

खरं सांगतो, मलापण त्या क्षणी काढून टाक असंच म्हणावंसं वाटलं. पण आधी एका वकील मैत्रिणीला फोन लावला आणि तिने पहिलंच वाक्य म्हणलं ते असं की पोस्टला हात लावू नका, फोनवर खुलासा देऊ नका, त्यांना म्हणा लेखी द्या. पुढचे तीन आठवडे आम्ही हेच करत होतो, आणि त्यात जे शिकलो ते इथे नीट लिहून ठेवतोय कारण असे फोन पुण्यात खूप जणांना येतात आणि बहुतेक लोक घाबरून पहिल्या दहा मिनिटांत पोस्ट उडवतात, दुसऱ्या दिवशी जातात, समोर येईल त्यावर सही करतात आणि परत कधी काही लिहीत नाहीत.

लेखी का मागायचं ते आधी समजून घ्या. पोलिसांना तुम्हाला बोलवायचा, अटक करायचा, फोन जप्त करायचा जो काही अधिकार आहे तो कुठल्यातरी कायद्याच्या कलमातून येतो आणि प्रत्येक कलमात अधिकाराच्या शेजारीच अटी लिहिलेल्या आहेत. कागदावर कलम आलं की त्या अटीपण आल्या. नुसतं फोनवर "भेटून जा" म्हणलं की कुठलीच अट नाही, आणि उद्या काही झालं तर तुम्हाला बोलावलं होतं हेसुद्धा सिद्ध करता येत नाही, कागदोपत्री तुम्ही स्वतःच्या मर्जीने तिथे गेलेले असता.

फोन आला त्या वेळी

सगळ्यात आधी फोन खरा आहे का ते बघा. हल्ली पोलीस असल्याचं सांगून लुटणारे खूप झालेत, व्हिडिओ कॉलवर युनिफॉर्म घातलेला माणूस बसवतात आणि तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात म्हणतात. डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट भारतातल्या कुठल्याच कायद्यात नाही. पैसे, ओटीपी, आधारचा फोटो, व्हिडिओ कॉल यातलं काहीही मागितलं तर फोन ठेवा आणि १९३० वर तक्रार करा. खरा फोन असेल तर समोरचा नाव, हुद्दा, बक्कल नंबर (पोलिसाचा ओळख नंबर) आणि पोलीस स्टेशन सांगतो. ते लिहून घ्या आणि स्टेशनचा नंबर स्वतः शोधून उलट फोन करून खात्री करा, ज्या नंबरवरून आला त्यावरच परत लावू नका. इथे पुण्याची एक गोष्ट लक्षात ठेवा, २०१८ पासून पिंपरी-चिंचवडचं पोलीस आयुक्तालय वेगळं आहे, हिंजवडी, वाकड वगैरे भाग तिकडे येतो, आणि जिल्ह्यातली बरीचशी गावं ग्रामीण पोलिसांकडे, म्हणजे एसपी ऑफिसकडे. त्यामुळे कोथरूडच्या माणसाला कुणी भलत्याच आयुक्तालयाचं नाव सांगून बोलावत असेल तर जास्त चौकशी करा.

बोलताना आवाज चढवू नका. फोन करणारा बहुतेक वेळा हवालदार असतो, त्याला वरून सांगितलेलं असतं. एवढंच म्हणा की साहेब, मी सहकार्य करायला तयार आहे, माझ्याविरुद्धचा अर्ज काय आहे, त्याचा नंबर काय आणि मला कुठल्या कलमाखाली बोलावताय ते लेखी पाठवा, मी लगेच उत्तर देते. पोस्ट का टाकली, कुणी सांगितली, मनात काय होतं, यातलं काही फोनवर बोलायचं नाही. फोन ठेवला की तारीख, वेळ, नाव, जे जे बोलणं झालं ते शब्दाला शब्द वहीत लिहून काढा. आत्याने गणिताच्या वहीसारखं डाव्या बाजूला वेळ आणि उजव्या बाजूला वाक्य असं लिहिलं होतं, आणि ते एक पान नंतर तीनदा उपयोगी पडलं.

पोस्टचं काय करायचं

लगेच उडवू नका. आधी स्क्रीनशॉट काढा, तारीख, वेळ, खालच्या कमेंट्स, शेअर किती झाले ते सगळं दिसेल असे, आणि लिंक सेव्ह करून ठेवा. कारण तक्रार करणारा बऱ्याचदा अर्धी पोस्ट कापून लावतो आणि पूर्ण मजकूर तुमच्याकडेच नसेल तर दाखवणार काय. दुसरं म्हणजे चौकशी सुरू झाल्यावर घाईने काही उडवलं तर पुरावा नष्ट केला असा आरोप वर येऊ शकतो. ठेवायची की काढायची हे वकिलाशी बोलून शांतपणे ठरवा, पोस्टमध्ये खरंच एखादी माहिती चुकीची गेली असेल तर दुरुस्ती टाका, त्यात कमीपणा काही नाही.

आता आपण लिहिलंय ते कायद्यात बसतं का हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. घटनेच्या १९(१)(अ) मध्ये बोलायचं स्वातंत्र्य आहे आणि १९(२) मध्ये ते कशासाठी आवळता येतं त्याची यादी आहे. देशाचं सार्वभौमत्व आणि अखंडता, राज्याची सुरक्षा, परदेशांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता आणि नीतिमत्ता, कोर्टाचा अवमान, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी. बस, आठच. साहेबांना वाईट वाटलं, नगरसेवकाची इमेज खराब झाली, महापालिकेचं नाव खराब झालं, हे या यादीत कुठेच नाही. आणि घटना समितीपुढच्या मसुद्यात राजद्रोहाचा शब्द होता तो सदस्यांनी चर्चा करून काढून टाकला, तो का काढला हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको. १८९७ मध्ये केसरीतल्या लिखाणावरून टिळकांवर राजद्रोहाच्या १२४अ कलमाखाली खटला चालला तेव्हा जज स्ट्रॅचीने ज्युरीला सांगितलं की सरकारबद्दल प्रेम नसणं म्हणजेच अप्रीती. ज्युरीतल्या सहा युरोपियनांनी दोषी म्हणलं, तीन भारतीयांनी निर्दोष म्हणलं, आणि टिळकांना १८ महिने झाले. नारायण पेठेतून केसरीवाड्यावरून जाताना मला नेहमी ते तिघं आठवतात.

आताच्या काळातले निकाल माहिती असूद्यात, तपास अधिकाऱ्याशी बोलताना पाय जमिनीवर राहतात. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना मुंबई बंदबद्दलच्या फेसबुक पोस्टवरून अटक झाली, एकीने लिहिलं होतं आणि दुसरीने फक्त लाईक केलं होतं. ते प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गाजलं आणि २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल खटल्यात आयटी अ‍ॅक्टचं कलम ६६ए, ऑनलाइन आक्षेपार्ह लिहिणं गुन्हा ठरवणारं, रद्दच झालं. त्यात कोर्टाने तीन पायऱ्या सांगितल्या, चर्चा करणं, एखाद्या मताचा पुरस्कार करणं आणि चिथावणी देणं, पहिल्या दोन कितीही कडू लागल्या तरी चालतात, हात घालायचा तो तिसऱ्यावर. आणि तरी कित्येक वर्षं पोलीस ६६ए लावतच राहिले, शेवटी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाला परत सांगावं लागलं की या कलमाखाली कुणावर खटला चालवू नका. तुमच्या कागदावर ६६ए दिसलं तर त्याच दिवशी वकिलाला दाखवा.

आपल्याच राज्यातल्या कोल्हापूर जिल्ह्यातली केसपण वाचण्यासारखी आहे. एका प्राध्यापकाने व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला ३७० कलम हटवलं तो ५ ऑगस्ट काळा दिवस असं लिहिलं आणि पाकिस्तानच्या लोकांना १४ ऑगस्टच्या शुभेच्छा दिल्या. गुन्हा दाखल झाला, हायकोर्टाने तो रद्द करायला नकार दिला, पण ७ मार्च २०२४ ला सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला आणि म्हणलं की सरकारच्या निर्णयावर टीका करायचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे, आणि शब्दांचा परिणाम मोजायचा तो खंबीर मनाच्या शहाण्या माणसावर, हलक्या कानाच्या माणसावर नाही. तुम्हाला मत पटत नसेल तरी चालेल, मलाही शुभेच्छांचं टायमिंग आवडलं नसतं, पण आवडणं न आवडणं हा पोलिसांचा विषय नाही. सोसायटीच्या ग्रुप अ‍ॅडमिन लोकांसाठी एक, २०२१ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलंय की मेंबरने काही टाकलं म्हणून अ‍ॅडमिन आपोआप गुन्हेगार होत नाही, दोघांचा मिळून तसा इरादा होता हे दाखवावं लागतं.

पण याचा अर्थ काहीही लिहायचं असा नाही. मारायची धमकी, एखाद्या समाजाला हाणा असं आवाहन, जातीवरून अपमान, बलात्कार झालेल्या बाईची ओळख उघड करणं, खाजगी माणसाबद्दल पुरावा नसलेला आरोप, हे लिहिलं असेल तर हा लेख तुमच्या कामाचा नाही, सरळ वकील गाठा. आणि पोस्टवरून यूएपीए (दहशतवादविरोधी कायदा), एनएसए (राष्ट्रीय सुरक्षा कायदा) किंवा भारतीय न्याय संहितेचं, म्हणजे जुन्या आयपीसीच्या जागी आलेल्या कायद्याचं, १५२ (देशाच्या सार्वभौमत्वाला धोका) असलं काही ऐकू आलं तरी पहिला फोन वकिलालाच.

हातात आलेला कागद कसा वाचायचा

यावर जरा वेळ द्या कारण सगळा खेळ इथे आहे. आपल्याकडे सगळ्याला लोक समजपत्र नाहीतर नोटीस म्हणतात पण आत वेगवेगळी जनावरं असतात. १ जुलै २०२४ पासून जुनी सीआरपीसी, म्हणजे पोलीस आणि कोर्टाच्या कामाच्या पद्धतीचा कायदा, जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, नंबर बदललेत, स्टेशनमधली जुनी मंडळी अजून जुनेच नंबर बोलतात म्हणून दोन्ही सांगतो.

कागदावर गु.र.नं. आहे का ते पहिलं बघा. गुन्हा रजिस्टर नंबर नसेल आणि नुसतं "अर्ज चौकशीकामी हजर राहावे" असेल तर अजून एफआयआर झालेली नाही. आत्याला पाचव्या दिवशी आलेला कागद हाच होता. वाईट वाटून घ्यायचं कारण नाही, उलट आधी चौकशी होणं चांगलंच आहे, ३ वर्षं ते ७ वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत एफआयआर करायच्या आधी प्राथमिक चौकशी करायची सोय कलम १७३(३) मध्ये आहे, त्याला डीवायएसपी दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते म्हणजे पुणे शहरात एसीपी (सहाय्यक पोलीस आयुक्त), आणि १४ दिवसांत उरकायची असते. आणि मार्च २०२५ मध्ये इम्रान प्रतापगढी खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बोलण्या-लिहिण्यावरून तक्रार आली आणि ती या शिक्षेच्या टप्प्यात बसत असेल तर आधी ही चौकशी करणंच योग्य. अशा कागदाला लेखी उत्तर द्या, अर्जाची प्रत मागा.

कलम १७९, जुनं १६०, म्हणजे गुन्हा दाखल आहे आणि तुम्हाला माहितीगार साक्षीदार म्हणून बोलावलंय. हे बोलावणं लेखीच लागतं. आणि यात एक अट आहे जी बायकांना कुणी सांगतच नाही. कुठलीही स्त्री, ६० वर्षांवरचा किंवा १५ वर्षांखालचा पुरुष, अपंग व्यक्ती, गंभीर आजारी माणूस यांना राहत्या जागेशिवाय कुठेही बोलवता येत नाही, पोलिसांनी घरी येऊन विचारायचं. स्वतःहून जायचं असेल तर जाऊ शकता, पण सक्ती नाही.

कलम ३५(३), जुनं ४१ए, हे गंभीर. याचा अर्थ तुमच्यावर संशय आहे पण सध्या अटकेची गरज वाटत नाही. इथे हजर राहावंच लागतं, वयाची सूट नाही, गेला नाहीत तर त्याच कारणाने अटक होऊ शकते. पण गेलात आणि सहकार्य केलंत तर अटक करायची नाही, करायचीच असेल तर अधिकाऱ्याला कारणं लिहून ठेवावी लागतात. ही नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून चालत नाही हे सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलंय. तरी व्हॉट्सअ‍ॅपवर आलीच तर दुर्लक्ष करून बसू नका, वकिलामार्फत उत्तर द्या की रीतसर नोटीस पाठवा, हजर राहतो.

कलम १६८, जुनं १४९. मोर्चाच्या, व्हीआयपी दौऱ्याच्या आदल्या दिवशी कार्यकर्त्यांना वाटतात ती हीच. ही नुसती ताकीद आहे, तुम्ही गुन्हा केला असं यात ठरत नाही. घ्यायची, प्रत ठेवायची, आणि सही करताना वर लिहायचं "प्रत मिळाली, मजकूर मान्य नाही". कलम १२६ किंवा १३० दिसलं तर ती चॅप्टर केस, शांतता राखायचा बाँड का घेऊ नये याची कारणं दाखवा म्हणून. आयुक्तालयात ती विशेष कार्यकारी दंडाधिकारी म्हणून एसीपीपुढेच चालते. लोक म्हणतात सही करून मोकळे व्हा, मी म्हणतो वकील नेऊन म्हणणं दाखल करा, कारण तो बाँड पुढे वर्षभर डोक्यावर राहतो.

आणि कुणी बदनामीची तक्रार केली म्हणून पोलीस बोलावत असतील तर बदनामी, न्याय संहितेचं ३५६, हा अदखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे एनसी. कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलिसांना त्यात तपास करता येत नाही. एवढं एक वाक्य नम्रपणे म्हणलं तरी बरेच फोन तिथेच थांबतात.

आम्ही दिलेलं पत्र

फोनच्या दुसऱ्या दिवशी आत्याने हे दिलं. मजकूर तसाच देतोय, आपापल्या प्रमाणे बदलून घ्या.

"मा. वरिष्ठ पोलीस निरीक्षक यांस, दि. अमुक रोजी सायं. ७ वा. आपल्या पोलीस ठाण्यातून मला दूरध्वनी आला व माझ्याविरुद्ध अर्ज प्राप्त झाल्याचे सांगून समक्ष हजर राहण्यास सांगण्यात आले. मी चौकशीस पूर्ण सहकार्य करण्यास तयार आहे. तरी सदर अर्जाची प्रत व क्रमांक, तसेच मला कोणत्या कलमान्वये व कोणत्या नात्याने बोलावण्यात येत आहे हे लेखी कळवावे. माझी पोस्ट काढून टाकण्याबाबत आदेश असल्यास त्याचीही प्रत द्यावी. मी ६७ वर्षे वयाची महिला असून जबाब नोंदवायचा झाल्यास तो माझ्या राहत्या घरी नोंदवावा ही विनंती."

दोन प्रती काढा. एक ठाणे अंमलदाराकडे द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि सहीची पोच घ्या. पोच देत नसतील तर भांडू नका, कोपऱ्यावरच्या पोस्टातून स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपून ठेवा, सोबत ईमेल करा. पोस्ट काढायच्या आदेशाची प्रत मागितल्यावर तो विषय परत कुणी काढला नाही. मजकूर ब्लॉक करायची सरकारची रीतसर पद्धत आहे, आयटी अ‍ॅक्टचं ६९ए आणि २००९ चे नियम, त्यात फोन करून "काढून टाका" म्हणणं कुठे बसत नाही.

जायची वेळ आली तर

पत्रात जबाब घरी घ्या अशी विनंती केली होती, तरी आत्या म्हणाली मी जाणार, मला तोंडावर सांगायचंय. मग मी आणि वकील मैत्रीण दोघं बरोबर गेलो. एकट्याने जाऊ नका. घरी कुणालातरी सांगून जा किती वाजता आत गेलो, बाहेर आल्यावर परत फोन करा. आत गेल्यावर आपण आल्याची नोंद करायला सांगा. डिसेंबर २०२० च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशाप्रमाणे पोलीस स्टेशनमध्ये आवाजासकट रेकॉर्ड करणारे सीसीटीव्ही लागतात आणि रेकॉर्डिंग कमीत कमी १ वर्ष ठेवायचं असतं, म्हणून काही गैर वागणूक झाली तर त्याच आठवड्यात लेखी अर्ज करून त्या तारखेचं, त्या वेळेचं फुटेज राखून ठेवा म्हणायचं.

बाकावर पाऊण तास बसलो. मग हवालदाराने कॉम्प्युटरवर जबाब टाइप केला. माणूस चांगला होता, आत्याला पाणी दिलं, पंखा फिरवून दिला. प्रिंट काढून समोर ठेवला, वाचायला लागलो तर सुरुवात नेहमीची, "समक्ष हजर राहून विचारलेवरून जबाब देते की", मग नाव गाव, आणि मग शेवटी आलं, "सदरची पोस्ट मी गैरसमजातून टाकली असून त्याबाबत मला पश्चात्ताप होत आहे. यापुढे असे कृत्य करणार नाही. सदरचा जबाब मी वाचून पाहिला, तो माझे सांगणेप्रमाणे बरोबर आहे." यातलं एक अक्षर आत्या बोलली नव्हती. तिने पर्समधून पेन काढलं, वह्या तपासायची सवय, गैरसमज या शब्दाखाली रेघ मारली आणि म्हणाली, "हे मी बोललेच नाही. कुठला गैरसमज? झाडं तोडली ना? मग?" हवालदार म्हणाला, "मॅडम, फॉरमॅट असतो तो." ती म्हणाली, "मग फॉरमॅटने सही करावी." त्याने निमूट परत कीबोर्ड ओढला. दुसऱ्या प्रिंटमध्ये तिचीच वाक्यं होती, झाडं कधी तोडली, तिने काय विचारलं, आणि पोस्ट जशीच्या तशी.

जवळजवळ सगळे लोक इथेच फसतात. पश्चात्ताप, गैरसमज, हमीपत्र, "यापुढे करणार नाही" हे शब्द तुमच्या तोंडी घातलेले असतील तर सही करू नका, बदलून मागा, नाहीच बदललं तर हाताने खाली लिहा की अमुक वाक्य माझं नाही. आणि एफआयआर झालेली असेल तर तपासातल्या जबाबावर सही घ्यायचीच नसते, कलम १८१ सरळ सांगतं, जुनं १६२. ज्या प्रश्नाचं उत्तर तुम्हालाच गुन्ह्यात अडकवेल त्याला उत्तर द्यायची सक्ती नाही, हा घटनेच्या २०(३) चा हक्क आहे. कोऱ्या कागदावर सही कधीच नाही.

फोन मागितला तर सहज काढून देऊ नका. कशाखाली मागताय, लेखी द्या, जप्तीचा पंचनामा करा, आयएमईआय नंबर (त्या हँडसेटचा ओळख नंबर) त्यात लिहा, प्रत द्या. नव्या कायद्यात कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं व्हिडिओ शूटिंग बंधनकारक आहे. पासवर्डच्या बाबतीत कोर्टांनी वेगवेगळं म्हणलंय, म्हणून तो वकिलाशी बोलल्याशिवाय सांगू नका.

अटक झालीच तर

पोस्टवरून सहसा लावतात ती न्याय संहितेची कलमं, १९६ (समाजांत वैर पसरवणं), २९९ (धार्मिक भावना दुखावणं), ३५३ (अफवा, भडकवणारी विधानं), साधारण ३ वर्षांपर्यंत शिक्षेची आहेत. ७ वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही, आधी नोटीस द्यायची, हे २०१४ च्या अर्नेश कुमार निकालापासून ठरलेलं आहे. तरी अटका होतात. मे २०२५ मध्ये पुण्यातल्याच एका १९ वर्षांच्या इंजिनिअरिंगच्या मुलीला इन्स्टाग्रामवर दुसऱ्याची पोस्ट शेअर केली म्हणून अटक झाली, तिने ती थोड्या वेळात उडवून माफीपण मागितली होती, तरी येरवड्यात गेली, कॉलेजने काढून टाकलं, आणि शेवटी मुंबई हायकोर्टाने सरकारला आणि कॉलेजला सुनावून तिला सोडलं, परीक्षेला बसू दिलं. मला त्या केसचा अजून राग येतो. त्या वयाच्या मुलीचे ते दिवस कुणी परत देणार नाही.

म्हणून घरच्यांनी हे पाठ करा. अटकेची कारणं लेखी आणि अटक झालेल्याला समजेल त्या भाषेत द्यावी लागतात, नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सुप्रीम कोर्टाने हे सगळ्या गुन्ह्यांना लागू केलं. नातेवाइकाला कळवायचं, वकिलाला भेटू द्यायचं, प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं. बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक नाही, अगदी अपवाद असेल तर महिला अधिकाऱ्याने मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घ्यायची. एफआयआरची प्रत मागा, संवेदनशील गुन्हे सोडले तर ती २४ तासांत वेबसाईटवर टाकायचा सुप्रीम कोर्टाचा २०१६ चा आदेश आहे, महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर बघा.

भीती वाटत असेल तर अटकपूर्व जामीन शिवाजीनगरच्या सेशन्स कोर्टात मागता येतो. गुन्हा रद्द करायचा तर मुंबई हायकोर्टच, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय पण पुणे जिल्हा त्यात नाही. वकिलाचे पैसे नसतील तर शिवाजीनगर कोर्टाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, बायकांना आणि कस्टडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन १५१००.

आत्याच्या अर्जाचं पुढे काय झालं हे आम्हाला कुणी कळवलं नाही. मग दोन महिन्यांनी तिने १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात विचारलं. एक पान आलं, त्यात शेवटची ओळ, "दखलपात्र गुन्हा निष्पन्न होत नसल्याने सदर अर्ज दप्तरी दाखल करण्यात आला आहे." म्हणजे फाईल बंद. तिने ते पान लॅमिनेट केलं, आणि झाडांच्या परवानगीची कागदपत्रं महापालिकेकडून मागवायला दुसरा अर्ज लिहायला घेतला.